दर मॉकला 'शेवटच्या दोन पर्यायांत अडकलो' होतंय? आधी निष्कर्ष तपासा

स्पर्धा परीक्षांच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, परिच्छेदावरच्या तर्काच्या प्रश्नांबद्दलची तक्रार ठरलेली असते. दोन-तीन पर्याय पटकन उडतात, उरलेल्या दोघांत गाडी अडते, शेवटी मनाचा कौल घेऊन एकावर टिक केली जाते आणि उत्तरं पाहताना कळतं, की दुसरा बरोबर होता. अधूनमधून असं झालं तर सोडून द्यावं. पण दर मॉकला होत असेल, तर बिघाड त्या दोन पर्यायांत नाही. तो वर परिच्छेदात आहे, आणि पर्याय वाचायच्या आधीच होऊन गेलेला आहे.

परीक्षा बदलली तरी हा बिघाड बदलत नाही. विधी विद्यापीठांच्या प्रवेशाच्या क्लॅटमध्ये 2020 पासून तर्काचे प्रश्न उताऱ्यावर येतात. एमबीएसाठीच्या जीमॅटला क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचे प्रश्न, आहेत. यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या पेपरमध्ये 'लेखकाने काय गृहीत धरलंय' हे विचारतात. अमेरिकेत कायदा शिकायला जाणाऱ्यांच्या एलसॅटमधून ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स (मांडणीची कोडी) गेले आणि गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता लॉजिकल रीझनिंगचेच आहेत. सगळीकडे मागणी एकच: समोरचा माणूस काय पटवून देतोय आणि कशाच्या जोरावर, हे ओळखा.

यावर क्लासमध्ये आणि टेलिग्राम ग्रुपवर जे उपाय फिरतात, ते सगळे पर्यायांवरचे असतात. 'टोकाचे शब्द असलेला पर्याय काढून टाका' हा त्यातला सर्वांत लाडका. तो अर्धाच खरा आहे. 'वरील माहितीवरून कोणतं विधान निश्चित खरं ठरतं' असा प्रश्न असेल, तर 'सर्व', 'कधीही', 'फक्त' असे शब्द संशयास्पद असतात, हे बरोबर. पण 'खालीलपैकी कोणती माहिती युक्तिवाद सर्वांत कमजोर करते' असं विचारलं असेल, तर पर्याय जितका जोरकस तितका कामाचा. तिथे हा नियम लावला की बरोबर उत्तरच आधी बाद होतं. असे नियम पाठ करण्यात महिने जातात आणि गुण तिथल्या तिथे राहतात.

आधी निदान

शेवटच्या मॉकमधले तर्काचे चुकलेले प्रश्न बाजूला काढा. प्रत्येकाचे पर्याय कागदाने झाका. फक्त परिच्छेद वाचा आणि लेखकाला शेवटी काय पटवायचंय ते एका ओळीत, स्वतःच्या शब्दांत लिहा. आपण तेव्हा कोणता पर्याय निवडला होता ते पाहू नका. मग उत्तराच्या स्पष्टीकरणाशी ही ओळ ताडून बघा.

काहींच्या कागदावर 'पाण्याच्या मीटरबद्दल आहे' असं काहीतरी उतरतं. हा विषय झाला. ज्याच्याशी 'हो' किंवा 'नाही' म्हणून वाद घालता येतो, तो निष्कर्ष. पाण्याच्या मीटरशी वाद घालता येत नाही. अशांनी सध्या पर्यायांचा नाद पूर्ण सोडून निव्वळ परिच्छेद वाचायचा सराव करावा. काहींची ओळ असते नेमकी, पण चुकीच्या वाक्याची. या गटात सगळ्यात जास्त लोक असतात, म्हणून पुढचा बराच भाग त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांची ओळ बरोबर आली तरी उत्तर चुकलं, त्यांचा दोष निष्कर्ष आणि कारणं यांच्यामधल्या फटीत आहे. त्याकडे नंतर येऊ.

एकच परिच्छेद, सावकाश

हा परिच्छेद मी मुद्दाम बांधला आहे, पण घाट परीक्षेतलाच आहे.

'पाण्याला मीटर बसवले की शहराचा पाणीवापर घटेल, असं काही नगरसेवक म्हणतात. हा अंदाज फोल ठरणार आहे. शहरातली बहुतेक कुटुंबं सोसायट्यांमध्ये राहतात आणि मीटर इमारतीला एकच बसणार आहे. त्यामुळे एखाद्या कुटुंबाने पाणी वाचवलं, तरी त्याच्या वाट्याच्या बिलात जाणवेल असा फरक पडणार नाही.'

मुख्य निष्कर्ष कोणता?

अ) मीटर इमारतीला एकच बसणार आहे.
ब) एका कुटुंबाने पाणी वाचवल्याने त्याच्या बिलात जाणवेल असा फरक पडणार नाही.
क) मीटर बसवल्याने शहराचा पाणीवापर घटेल, हा अंदाज चुकीचा आहे.
ड) मीटर प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र बसवायला हवेत.

भांडण ब आणि क यांच्यात लागतं. ब निवडणाऱ्यांकडे दोन कारणं असतात: ते वाक्य शेवटी आहे आणि त्याच्या तोंडाशी 'त्यामुळे' आहे. दोन्ही खुणा खऱ्या आहेत. ब हा निष्कर्ष आहेच, फक्त मधला. इमारतीला एकच मीटर, म्हणून बिलात फरक नाही. आणि बिलात फरक नाही, म्हणून वापर घटणार नाही. 'त्यामुळे', 'म्हणून', 'सबब' हे शब्द एवढंच सांगतात, की मागच्या कशावरून तरी हे काढलंय. यावरून पुढे आणखी काही काढलंय का, ते या शब्दांना ठाऊक नसतं. प्रश्न काढणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं. मुख्य निष्कर्ष दुसऱ्या वाक्यात, कुठलीही पाटी न लावता ठेवायचा आणि 'त्यामुळे' मधल्या पायरीवर चिकटवायचं, ही त्याची ठरलेली चाल आहे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही विधानं 'कारण'ने जोडून दोन्ही दिशांनी वाचणं.

'पाणीवापर घटणार नाही, कारण कुटुंबाच्या बिलात फरक पडणार नाही.' नीट लागतं.

'कुटुंबाच्या बिलात फरक पडणार नाही, कारण पाणीवापर घटणार नाही.' हे कानाला खटकतं, आणि परिच्छेदात तसं कुणी म्हटलेलंही नाही.

जे विधान 'कारण'च्या आधी नीट बसतं ते वरचं, नंतर बसतं ते त्याचा आधार. परिच्छेदातल्या इतर सगळ्यांकडून आधार घेणारं पण स्वतः कुणाला आधार न देणारं जे उरतं, तो मुख्य निष्कर्ष. शेवटच्या दोघांत अडकला असाल आणि ते दोघेही परिच्छेदातलेच दावे असतील, तर ही कसोटी बहुधा तिथेच निकाल लावते.

पहिलं वाक्यही पाहून घ्या. ते लेखकाचं मत नाही. 'काही जण म्हणतात', 'असा समज आहे', 'तज्ज्ञांचा दावा आहे' अशी सुरुवात झाली, की पुढे 'पण' येणार असं धरून चाला. तो 'पण' दर वेळी छापलेला असेलच असं नाही; इथे त्याची जागा 'हा अंदाज फोल ठरणार आहे' या सपाट वाक्याने घेतली आहे. 'हा अंदाज', 'ते खरं नाही', 'ही भीती अनाठायी आहे' अशा वाक्यांतला निष्कर्ष पूर्ण करून लिहायची सवय लावा. 'हा'च्या जागी नेमका मजकूर भरा. भरला नाही, तर डोकं आपल्या सोयीचं काहीतरी भरतं.

आणि सोयीचं म्हणजे जास्तीचं. मीटरने वापर घटणार नाही एवढंच लेखक म्हणतोय. मीटर बसवू नयेत असं तो म्हणत नाही; गळती शोधायला किंवा महसुलासाठी ते त्याला हवेही असतील. वापर वाढेल असं तर मुळीच म्हणत नाही. ड पर्याय या जास्तीच्या वाचनातून जन्माला येतो: 'इमारतीला एकच मीटर असल्याने जमत नाही ना, मग प्रत्येक घराला लावा'. सल्ला शहाणपणाचा असेल, पण परिच्छेदात तो नाही.

याचीच आणखी बारीक आवृत्ती एलसॅट-जीमॅटमध्ये फार येते. 'या पाहणीवरून हे औषध गुणकारी आहे असं म्हणता येत नाही' हा निष्कर्ष औषधाबद्दल नाही, पाहणीबद्दल आहे. औषध निरुपयोगी आहे असा दावा कुणीच केलेला नाही. दुसऱ्याचा पुरावा अपुरा ठरवणं आणि त्याचं म्हणणं खोटं ठरवणं यांत एका पर्यायाचं अंतर असतं, आणि तो पर्याय नेमका शेवटच्या दोघांत येऊन बसतो.

चुकलेला निष्कर्ष पुढे काय बिघडवतो

मुख्य निष्कर्ष थेट विचारणारे प्रश्न कमीच असतात, मग एवढी मेहनत कशाला, असं विचारलं जातं. तर त्याच परिच्छेदावर आता दुसरा प्रश्न घ्या: खालीलपैकी कोणती माहिती खरी असल्यास युक्तिवाद सर्वांत कमजोर होतो?

अ) मीटर बसवण्याचा खर्च महापालिकेला सहज परवडणारा आहे.
ब) शहरातली काही कुटुंबं स्वतंत्र बंगल्यांमध्ये राहतात.
क) इमारतीला एकच मीटर बसवलेल्या इतर शहरांत बिलं वाढल्यावर सोसायट्यांच्या समित्यांनी टाक्यांच्या आणि नळांच्या गळत्या दुरुस्त करून घेतल्या.
ड) गेल्या दशकात शहराची लोकसंख्या वाढली आहे.

ब लगेच जातो. 'बहुतेक' कुटुंबं सोसायटीत आहेत हे परिच्छेदाने आधीच मान्य केलंय, काहींच्या बंगल्यांनी त्याला धक्का लागत नाही. ड चा मीटरशी संबंध नाही. उरले अ आणि क. ज्याने मनात 'लेखक मीटरच्या विरोधात आहे' असं लिहिलंय, त्याला अ आकर्षक वाटणारच, कारण मीटरला विरोध मोडायला 'परवडतंय की' हे उत्तर चांगलं आहे. ज्याने 'मीटरने वापर घटणार नाही' असं लिहिलंय, त्याला अ दिसतही नाही. खर्च परवडो न परवडो, वापराचं काय? म्हणजे दोघांत अडकण्याचं मूळ कुठे होतं? पहिल्या वीस सेकंदांत.

आता क मुद्दाम नीट पाहा, कारण फटीचा मुद्दा इथे आहे. या युक्तिवादात उड्या दोन आहेत. एक: इमारतीला एकच मीटर, ते कुटुंबाच्या बिलात फरक नाही. दोन: कुटुंबाच्या बिलात फरक नाही, ते शहराचा वापर घटणार नाही. क पहिल्या उडीला हातही लावत नाही. कुटुंबाला वैयक्तिक बचतीचा फायदा नाही, हे खरंच राहतं. पण बिल भरणारी समिती गळत्या बुजवते आणि वापर तरीही घटतो. घाव दुसऱ्या उडीवर आहे. उलट पर्यायात असं असतं, की 'बऱ्याच सोसायट्यांत सदनिकांना आतले मीटर आधीपासून आहेत आणि समित्या त्यावरून वर्गणी ठरवतात', तर घाव पहिल्या उडीवर बसला असता. दोन्ही उत्तरं चालली असती. मधला निष्कर्ष वेगळा न काढणाऱ्याला मात्र एकच फट दिसते, आणि परीक्षकाने दुसरी विचारली की तो म्हणतो, 'हे तर विषयाबाहेरचं'.

गृहीतकाच्या प्रश्नातही हेच. 'सोसायट्या सदनिकेनुसार वापर मोजून वर्गणी ठरवत नाहीत' हे इथलं एक गृहीतक आहे. तपासायला ते नाकारून पाहा: समजा, मोजतात. मग बिलात फरक पडतो आणि पहिली उडी कोसळते. म्हणजे गृहीतक खरोखर लागत होतं. नाकारूनही युक्तिवाद जागच्या जागी उभा राहिला, तर तो पर्याय नुसताच खरा किंवा छान आहे. नाकारताना उलटं टोक गाठू नका एवढंच. 'सर्व'चा नकार 'एकही नाही' नव्हे, 'सर्वच नाहीत' हा आहे.

जोडशब्दांवर किती विसंबावं

थोडंच. इंग्रजी पेपरमध्ये 'सिन्स'चा अर्थ कधी 'कारण' असतो, कधी 'तेव्हापासून'. वाक्याच्या मध्यात स्वल्पविरामानंतर येणारा 'फॉर' म्हणजे 'कारण' हे मराठी माध्यमातून आलेल्यांना सहसा कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्या मागचा निष्कर्ष हातून सुटतो. 'आफ्टर ऑल'ने सुरू होणारं वाक्य जवळजवळ नेहमी आधार असतं आणि निष्कर्ष त्याच्या लगेच आधी असतो. मराठीत तेच काम शेवटचा 'ना' आणि 'शेवटी' करतात: 'तो येणार नाही, शेवटी त्याला घरचं लग्न आहे ना.' कान शाबूत असेल तर पाठांतराची गरज पडत नाही.

'कारण' दिसलं, पण युक्तिवाद नाही

ही वेगळी अडचण आहे आणि ती हुशार विद्यार्थ्यांनाही छळते. दोन वाक्यं घ्या.

'पानशेत धरण जुलै 1961 मध्ये फुटलं, कारण काम पूर्ण झालेलं नसताना त्यात पाणी साठवलं गेलं.'

'वर घाटात रात्री जोराचा पाऊस झालेला दिसतो, कारण नदी गढूळ वाहतेय.'

घाट सारखा, काम वेगळं. धरण फुटलं की नाही याबद्दल पुण्यात कुणाला शंका नाही; पहिलं वाक्य ते का फुटलं हे सांगतं. दुसरं वाक्य पाऊस झाला हे पटवून देतंय. शिवाय तिथे दिशा उलटी आहे: प्रत्यक्षात पावसाने नदी गढूळ होते, पण बोलणारा गढूळपणावरून पावसाकडे जातोय. घडण्याचं कारण आणि मानण्याचं कारण या दोन गोष्टी आहेत.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, शतकानुशतकं घोटलेलं उदाहरण याच जातीचं आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. अग्नीमुळे धूर होतो, पण अनुमान धुरावरून अग्नीचं. तिथल्या अनुमानाच्या पाच अवयवांचा, म्हणजे भागांचा, क्रमही परीक्षार्थीने एकदा बघण्यासारखा आहे. प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, सगळ्यात आधी. मग हेतू, म्हणजे कारण. मग 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर' हे उदाहरण. मग उपनय: हा पर्वतही तसाच धुराचा. आणि शेवटी निगमन, म्हणजे प्रतिज्ञाच पुन्हा. निष्कर्ष सुरुवातीला असणं त्या लोकांना स्वाभाविक वाटायचं. तो शेवटीच असतो हा समज आपल्या शाळेतल्या भूमितीने रुजवला असावा. परीक्षेतले परिच्छेद या पाचांतले बहुधा दोनच छापतात, प्रतिज्ञा आणि हेतू. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती ते गिळून टाकतात आणि मग तीच गृहीतक म्हणून विचारतात. 1958 मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारी परवानगी अशी जी मांडणी केली, तिच्यातला तिसरा भाग हेच काम करतो. कुठलीही परिभाषा वापरा. गिळलेलं वाक्य शोधायचं, एवढं कळलं की पुरे.

परीक्षेत या दोन्ही प्रकारांची मिसळही येते. 'समजा, एका तालुक्यात बिबट्या दिसल्याच्या तक्रारी पाच वर्षांत दुप्पट झाल्या. बिबट्यांची संख्या वाढल्याशिवाय हे होणार नाही.' तक्रारी दुप्पट झाल्या हे दोन्ही बाजूंना मान्य. त्यामागचं कारण हाच इथे निष्कर्ष. अशा वेळी फट कुठे असते ते ठरलेलं आहे: दुसरं कारण असू शकतं. तक्रार करायला नवा हेल्पलाइन क्रमांक आला असेल, लोक उसाच्या शेताशेजारी राहायला गेले असतील, एकच जनावर दहा जणांनी पाहिलं असेल. आधी मान्य घटना आणि मग तिचं एक कारण असा आकार दिसला, की पर्याय उघडायच्या आधीच 'आणखी काय असेल?' हे स्वतःला विचारून ठेवा.

'जर-तर'चे तुकडे

'यंदा पाऊस लांबला, तर धरणातलं पाणी ऑगस्टपर्यंत पुरणार नाही. पाऊस लांबण्याचा अंदाज आहे. पाणीकपात आत्तापासूनच सुरू करायला हवी.'

यात 'पाणी पुरणार नाही' हा निष्कर्ष म्हणून टिपणारे बरेच भेटतात. पण पहिलं वाक्य हे अख्खं एकच विधान आहे. त्यात पाऊस लांबेल असं म्हटलेलं नाही आणि पाणी पुरणार नाही असंही म्हटलेलं नाही. दोघांचं नातं फक्त सांगितलंय. त्याचे दोन तुकडे करून एकाला आधार आणि दुसऱ्याला निष्कर्ष म्हणायचं नाही. दुसरं वाक्य जोडलं की 'पाणी पुरणार नाही' हा मधला निष्कर्ष तयार होतो, पण तो छापलेला नाही, तुम्हाला मनात लिहावा लागतो. तिथून 'कपात हवी'कडे आणखी एक उडी आहे, आणि ती मोठी आहे: 'असं होईल'पासून 'असं करावं'पर्यंत. शेवटी 'हवं', 'पाहिजे', 'करू नये' आलं की समजावं, कपातीने खरंच निभावेल का, तिच्याहून बरा उपाय आहे का, तिचा तोटा मोठा नाही ना, यांपैकी काहीतरी विचारलं जाणार.

'तरच'बद्दल फार लिहीत नाही. सातबाऱ्यावर नाव असेल तरच कर्ज मिळेल, याचा अर्थ नाव असलं की कर्ज मिळालंच असा होत नाही. बँकेत खेटे घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. परीक्षेत 'ओन्ली इफ' वाचताना तोच शेतकरी डोळ्यांसमोर आणा.

जिथे यातलं काहीच लागू पडत नाही

निष्कर्ष शोधायची सवय लागली की नवी अडचण सुरू होते: तो जिथे नाहीच, तिथेही शोधला जातो. 'खालीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो' असं विचारलं असेल, तर परिच्छेदात बहुधा नुसती माहिती असते आणि निष्कर्ष पर्यायांत असतो. सीसॅटमधले 'सर्वांत तर्कसंगत अनुमान कोणतं' हे प्रश्न असेच. तिथे उडी मारायची नसते; छापलेल्या मजकुराच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं. परिच्छेद आधी वाचावा की प्रश्न, यावर क्लासवाले तावातावाने भांडतात. माझं मत प्रश्न आधी, आणि ते फक्त याच एका कारणासाठी: निष्कर्ष वर शोधायचा की खाली, हे कळलेलं बरं.

एमबीए सीईटी आणि बँकांच्या परीक्षांतले 'विधान आणि गृहीतक' हे आणखी निराळे. 'प्रवाशांनी सुटे पैसे जवळ ठेवावेत, असं आवाहन परिवहन सेवेने केलं.' गृहीतक एक: काही प्रवासी तरी हे आवाहन मनावर घेतील. गृहीतक दोन: सुट्या पैशांवरून रोज भांडणं होतात. इथे युक्तिवाद नाही, कृती आहे. म्हणून प्रश्न असा विचारा: काय मानलं नसतं, तर हे आवाहन करण्यात अर्थच उरला नसता? पहिलं त्यात बसतं. दुसरं खरं असेल, रोज पाहतही असू, पण आवाहनामागे गर्दी किंवा वाहकाचा वेळ असं दुसरंच काही असू शकतं. या प्रकारात स्वतःचा अनुभव सर्वांत जास्त आडवा येतो.

'सबळ युक्तिवाद, दुर्बळ युक्तिवाद' या प्रकारात तर निष्कर्ष हातात दिलेला असतो, 'हो' किंवा 'नाही'. तिथे फक्त जोड तपासायची.

एवढा वेळ कुठून आणायचा

एमबीए सीईटीत 200 प्रश्नांना 150 मिनिटं, म्हणजे एकाला 45 सेकंद. क्लॅटमध्ये 120 मिनिटांत 120 प्रश्न. एलसॅटमध्ये एका विभागात साधारण पंचवीस प्रश्न आणि 35 मिनिटं, म्हणजे थोडी ऐसपैस बैठक, पण प्रश्नही तसेच चिवट. या वेळात ओळी लिहीत बसणं शक्य नाही, हे मान्य. लिहायचं ते सरावात, रोज पाच-सहा परिच्छेद, घड्याळ न लावता. प्रत्यक्ष परीक्षेत फक्त खूण करायची. क्लॅट कागदावर होते, तिथे निष्कर्षाखाली रेघ मारा. एलसॅट स्क्रीनवर असली तरी मजकूर रंगवायची सोय आहे. पण चार वाक्यांपैकी तीन रंगवणाऱ्याने काहीच ओळखलेलं नसतं, तेव्हा एका परिच्छेदात एकच वाक्य रंगवायचं असं स्वतःला बजावून ठेवा. आणि खरा वेळ जातो कुठे, तेही घड्याळ लावून एकदा पाहा. परिच्छेद एकदाच वाचून झालेला असतो आणि उरलेला सगळा वेळ शेवटच्या दोन पर्यायांमध्ये येरझाऱ्या घालण्यात जातो. निष्कर्षावर खर्चलेली दहा सेकंदं तिथून वळती होतात.

चुकांची वही ठेवत असाल, तर तिच्यात 'असम्प्शनचा प्रश्न चुकला' असं लिहू नका. त्यावरून काही कळत नाही. मधला निष्कर्ष मुख्य समजलो, दुसऱ्याचं मत लेखकाचं धरलं, नकार वाढवून वाचला, जर-तर तोडलं, दुसरी उडी दिसली नाही, असं बिघाडाचं नाव लिहा. दोन-तीन मॉकनंतर पानावर एकच नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागतं, आणि मग सराव त्याचाच करायचा.

निष्कर्ष बरोबर, फट बरोबर, तरीही उत्तर चुकतंय, असे थोडे लोक उरतात. त्यांच्या वहीत मला बहुतेक वेळा तर्काची नाही, इंग्रजी वाक्याची चूक दिसते, आणि तीही दुहेरी नकाराची. 'अनलेस' म्हणजे 'नसेल तर', एवढं ठरवून टाका आणि वाक्य तसं फिरवून वाचा: 'नो अ‍ॅप्लिकंट इज अ‍ॅडमिटेड अनलेस द फी इज पेड' म्हणजे फी भरलेली नसेल, तर प्रवेश नाही. फी भरली की प्रवेश नक्की, असं त्यात कुठेही नाही. 'नॉट अनलाइकली' म्हणजे 'शक्यता आहे', 'नक्की' नव्हे. 'फ्यू' म्हणजे 'फारसे नाहीत' आणि 'अ फ्यू' म्हणजे 'काही आहेत'. एमपीएससीच्या जुन्या सीसॅट प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेल्या मिळतात. अशी वाक्यं आधी इंग्रजीत वाचून, मराठीत मनाशी फिरवून, मग छापील मराठीशी ताडून बघायला त्यांच्याइतकं सोयीचं आणि फुकट साहित्य दुसरं नाही.